मोटर आमची, गिअर तुमचा

माननीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्याला थोडं ग्रीस आहे, तेवढं चालवून घ्या). विहीणबाईंनाही नमस्कार सांगा आणि त्यांचा गुडघा कसा आहे ते कळवा. मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्याबद्दल दोन ओळी आणि गिअर कापायच्या नव्या मशीनबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यावरून गुडघा बरा असावा असा मी अंदाज बांधला आहे. इकडे सगळे ठणठणीत. तुमची कन्या, म्हणजे आमची सूनबाई, घर आणि नोकरी अशी काही सांभाळते की आपण स्वतः काहीच सांभाळत नाही याचा आमच्या चिरंजिवांना अजून पत्ता लागलेला नाही. माझीही तब्येत उत्तम. हल्ली ऐकू जरा कमी येतं, पण ते फक्त घरातली मंडळी बोलतात तेव्हा. मोटर बोलली की सगळं स्वच्छ ऐकू येतं.

तर बातमी आनंदाची आहे. आपल्या नातीने, भिंगरीने (तुमच्याकडे तिला खऱ्या नावाने हाक मारतात हे मला माहीत आहे, पण इथे तिचे स्वतःचे मास्तरसुद्धा ते नाव विसरले आहेत) रोबोंच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. शाळेच्या संघाची ती यंदा कप्तान आहे. गेल्या वर्षी याच संघात तिच्याकडे रोबोच्या पाठीवर नाव रंगवायचं काम होतं, आणि ते तिने इतकं सुरेख केलं की यंदाही पोरं तिच्या हातात ब्रशच देणार होती. तिने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, रोबो मी बांधते, रंग कुणीही मारा. मास्तर म्हणाले, ठीक आहे, पण अंतिम फेरीत हा रोबो नीट चालला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा ब्रश. अंतिम फेरी आजपासून नऊ दिवसांनी, रविवारी. म्हणजे त्या एका दिवसावर पोरीचं सगळं आहे. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

खेळ कसा असतो ते आधी सांगतो. एक चौकोनी चटई, आमच्या दुकानाएवढी, चार कोपऱ्यांत चार संघांचे रोबो. मधोमध एक चढ, चढापलीकडे रबरी चेंडू. रोबोने चढ ओलांडायचा, चेंडू आपल्या कोपऱ्यातल्या खोक्यात आणून टाकायचे आणि शेवटी मधल्या आडव्या नळीला हात अडकवून स्वतःला जमिनीपासून वर उचलून घ्यायचं. शिट्टी झाली की वीज बंद. मग शिट्टीवाल्या बाई दहा आकडे मोजतात आणि दहा म्हणेपर्यंत जो अधांतरी राहील त्याला सगळ्यांत जास्त गुण. सगळा कारभार अडीच मिनिटांत आटोपायचा. रोबोचं वजन बारा किलोंच्या आत हवं, आणि बॅटरी सगळ्यांना एकसारखी. म्हणजे बघा, सगळी लढाई मोटर कोणती घ्यायची आणि तिला गिअरबॉक्स कोणता जोडायचा एवढ्यावरच. आता मोटर म्हटल्यावर पोरगी कुणाकडे येणार? आली दुकानात. स्टुलावर चढून बसली आणि म्हणाली, "आजोबा, मोटर तुम्ही निवडायची."

व्याहीबुवा, खोटं कशाला सांगू, माझी छाती त्या दिवशी पंख्याच्या जाळीएवढी झाली. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. जळका पंखा उघडून, आतली तार मोजून मोजून हा धंदा शिकलो. कुणी शिकवला नाही, कुणी पाटी दिली नाही. आणि आज शाळेतली पोरगी चार मित्र घेऊन मला विचारायला आली होती. मी तिच्यापुढे अकरा मोटरी मांडल्या. एकेकीला बॅटरी लावायची, पेचकसाचं टोक मोटरीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग, कार्बन, आतलं तारेचं वेटोळं, सगळं ऐकू येतं. नवव्या मोटरीला मी डोळे उघडले. काय आवाज होता! तुमच्या मशीनवर जन्मात असा सूर निघाला नसेल. मिनिटाला अठरा हजार फेरे. टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, हीच. गिअरबॉक्सबिअरबॉक्स काही नको, चाक सरळ दांड्यावर बसवा. (गिअरबॉक्स नको म्हणताना मला तुमची आठवण झाली, हे कबूल करतो. थोडं बरंही वाटलं.)

चाकं बसवली. चटईचा तुकडा दुकानाच्या दारात अंथरला. भिंगरीने बटण दाबलं. रोबो गुरगुरला. जागचा हलला मात्र नाही. अंगाला हात लावू न देणाऱ्या मांजरासारखा नुसता गुरगुरत उभा. मी म्हणालो, चटई जाड आहे. दुसरी आणली. मी म्हणालो, बॅटरी उतरली असेल. बॅटरी बदलली. एवढ्यात तो वास आला. जळक्या वार्निशचा. त्या वासावर माझं चाळीस वर्षं घर चाललं, व्याहीबुवा. तो वास आला की माझ्या तोंडावर आपोआप हसू येतं, गिऱ्हाईक आल्यासारखं. पोरं भेदरून माझ्याकडे बघताहेत आणि मी हसतोय! संघात एक लांबलचक मुलगा आहे, त्याला सगळे शिडी म्हणतात. तो हळूच भिंगरीला म्हणाला, "तुझे आजोबा बरे आहेत ना?"

मग ती माझ्या शेजारी बसली आणि तिने मला एक प्रश्न विचारला, जो चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. "आजोबा, तुम्ही मोटर कधी काम करताना बघितली आहे का?" मी हसायला गेलो आणि हसू अर्ध्यात अडकलं. खरंच की हो! आमच्या धंद्याची रीतच अशी. मोटर जळून येते, आम्ही तिच्यात नवी तार भरतो, टेबलावर रिकामी फिरवून दाखवतो. सूर लागला की गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. पुढे तो तिच्या गळ्यात पंप बांधतो की पिठाची चक्की, ते त्याचं तो जाणे. मी जन्मभर मोटरींचं गाणं ऐकलं, त्यांना ओझं उचलताना एकदाही पाहिलं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी दुसऱ्यांना इतक्या वेळा ऐकवली आहे, पण ती माझ्या टेबलावर बसून नाचत होती हे दिसलं नाही. (हा परिच्छेद विहीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवू नका.)

आता माणूस एकदा तोंडावर पडला की उठताना दुसऱ्या बाजूला कलतो. गिअरबॉक्स हवा ना, मग असा देतो की डोंगर हलवील, म्हणून मी मोठ्या बंगल्याचं फाटक सरकवणाऱ्या मोटरीचा गिअरबॉक्स काढून आणला. मोटरीने दोनशे फेरे मारले की चाकाचा एक. रोबोपुढे आम्ही लाकडी बाक आडवा ठेवला, त्याने बाक ढकलला, बाकावर बसलेल्या शिडीसकट. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. भिंगरी घड्याळाकडे पाहत होती. चटईच्या या टोकापासून त्या टोकाला जायला रोबोने साडेतीन मिनिटं घेतली. खेळ अडीच मिनिटांचा! म्हणजे आमचा पठ्ठ्या चढाच्या पायथ्याशी पोचेल तेव्हा बाकीचे बक्षीस घेऊन घरी जेवत असतील. शिवाय वजन भरलं चौदा किलो. नाकापेक्षा मोती जड. शेजारचे केशकर्तनवाले दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "काका, याला सोडा स्पर्धेला आजच. रविवारपर्यंत पोचेल."

तिसऱ्या वेळी मी तोंड मिटून बसायचं ठरवलं, आणि तेच सगळ्यांत उपयोगी पडलं. पोरीने काय केलं ते ऐका. एकेका मोटरीच्या दांड्यावर पुली बसवली, दोरी गुंडाळली, ती दुकानाच्या तुळईवरून घेतली आणि खाली पाण्याच्या लिटरच्या बाटल्या बांधल्या. आधी एक, मग दोन, मग तीन. दर वेळी वर जायला किती वेळ लागतो ते शिडीने मोजायचं आणि हिने वहीत लिहायचं. एक बाटली भुर्रकन वर. दहा बाटल्यांना मोटर नुसतीच तापली, जागची हलली नाही. (केशकर्तनवाले पुन्हा आले. "काका, धंदा बदलला का? पाणी कसं दिलं?") संध्याकाळपर्यंत वही भरली आणि मग तिने मला समजावून सांगितलं, अगदी हळू, मी आजारी असल्यासारखं. मोटर रिकामी असताना ज्या वेगाने फिरते, त्याच्या निम्म्यावर तिला ओझ्याने आणलं की ती सगळ्यांत जास्त काम करते. पूर्ण वेगात ती नुसती फिरते, पूर्ण अडवली की नुसती तापते. म्हणून गिअरबॉक्स असा घ्यायचा की चढावरसुद्धा मोटर निम्म्याच्या थोडी वरच राहील. म्हणजे काम होईल आणि जळणारही नाही. मी म्हणालो, अगं, हे माणसांनाही लागू आहे. ती म्हणाली, "माणसांचं मी अजून मोजलेलं नाही, आजोबा." हे उत्तर ऐकून मी मागच्या खोलीत गेलो आणि उगाच एक खोकं इकडचं तिकडे केलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

मोटर माझ्या अकरांतलीच निघाली बरं का! चौथी. आवाज अगदी सामान्य, मी कानही दिला नव्हता. तिला डबीएवढा एक गिअरबॉक्स लावला, विसाला एक, आणि रोबो चढावर असा गेला जसा काही रोजच जातो.

राहिला हात. लटकायचा. तिथे पुन्हा घोडं पेंड खाऊ लागलं. साध्या गिअरच्या हाताने रोबो वर जायचा छान, पण वीज बंद केली की सुटलेल्या बादलीसारखा खाली. एकदा तर थेट शिडीच्या पायावर. भिंगरी कपाळाला हात लावून म्हणाली, "वीज गेल्यावर कोण धरून ठेवणार, आजोबा?" आणि व्याहीबुवा, तेव्हा मला तुमची ती पेटी आठवली. माझ्या दुकानाला वीस वर्षं झाली तेव्हा तुम्ही स्वतःच्या हाताने बनवून दिलेला वर्म गिअर. स्क्रूसारखे आटे असलेला पोलादी दांडा आणि त्यात बसणारं बत्तीस दातांचं पितळी चाक. दांडा फिरवला तर चाक फिरतं, पण चाकाला कितीही ओढा, दांडा तसूभर हलत नाही. मी ती पेटी अतिशय जपून ठेवली होती. (कामाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली. पण जपून.)

बसवला. रोबो वर गेला. वीज बंद केली. रोबो वरच. दहा मोजले, शंभर मोजले, पोरं चहा पिऊन आली, रोबो वरच.

आता मागच्या रविवारचा उपांत्य सामना, जिंकला तर अंतिम फेरी. मोठं सभागृह, चारी बाजूंनी पालक, आणि आमच्यासमोर निळ्या सदऱ्यांचा संघ, ज्यांचा रोबो म्हणजे दुकानाच्या काचेतून उतरवल्यासारखा चकचकीत. त्यांनी चेंडू भराभर टाकले, आमच्यापेक्षा चार जास्त. माझ्या शेजारी त्यांच्यातल्या कुणाचे तरी मामा बसले होते. ते मला म्हणाले, "तुमचा जरा सावकाश आहे." मी म्हणालो, "निम्म्याच्या थोडा वर आहे." त्यांना काही कळलं नाही, मला फार बरं वाटलं. शेवटच्या वीस सेकंदांत चारही रोबो नळीला लटकले. शिट्टी झाली, वीज गेली. बाईंनी एक म्हटलं आणि एक रोबो घसरला. तीनला दुसरा. सहाला निळ्यांचा चकचकीत साहेब हळूहळू, लाजत लाजत चटईवर येऊन टेकला. आणि आमचा? वटवाघळासारखा. बाईंनी दहा म्हटलं, अकरा म्हटलं, मग त्याही हसायला लागल्या. पुढची गंमत अशी की तो खाली येईना. बॅटरी संपलेली, गिअर ऐकायला तयार नाही, आणि पुढचे संघ रांगेत उभे. शेवटी भिंगरीने पेचकसाने दांडा उलटा फिरवत फिरवत त्याला दहा मिनिटांत उतरवला, आणि अख्खं सभागृह दर वळशाला टाळी देत होतं.

परीक्षकांनी तिला विचारलं, हातालाच वर्म का लावलास? मी कान टवकारले. ती म्हणाली, "वीज गेली की मोटर झोपते. गिअर जागा राहतो. माझे गिअरवाले आजोबा असं म्हणतात." परीक्षकांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. मी पण मान डोलावली. मोटरवाले आजोबा म्हणून तिथे एक माणूस बसला होता, त्याचं नाव निघालं नाही, पण चौथी मोटर माझ्या टेबलावरची होती हे तुम्हाला कळावं म्हणून इथे लिहून ठेवतो. बाकी मला कसलाही हेवा नाही. शेवटी पोरगी जिंकली, आणि जिंकली ती मोटरीमुळेच, कारण आधी वर चढल्याशिवाय लटकणार कोण? यावर तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही म्हणाला होतात, "मोटर काय, कुणीही फिरवतो, काम करतो तो गिअर." त्यावर मी अर्धा कप चहा तसाच ठेवून उठलो होतो. त्या दिवसापासून आपण पत्रांतून फक्त हवा, गुडघा आणि तुमचं मशीन यांवरच बोलतो आहोत. ते असो. आनंदाच्या पत्रात जुनी भांडी कशाला वाजवायची?

सर्वांना ज्याचे त्याचे नमस्कार आणि आशीर्वाद पोचवा.

तुमचा,
पूर्ण वाट्याचा व्याही आणि अर्ध्या वाट्याचा आजोबा

ता. क. तुमच्या नव्या मशीनवर वर्मचं पितळी चाक कापता येतं का? सहज विचारतो.

ता. क. दुसरा. सहज नाही. काल दुपारी दुकानात केशकर्तनवाले आणि समोरचे पाववाले रोबो बघायला आले होते. पोरं शाळेत. मी त्यांना लटकवून दाखवला, वीज बंद करून दाखवली. पाववाले म्हणाले, "बारा किलो काय, बारा किलोंचं पीठ माझा पंखासुद्धा धरेल." आता सांगा, घरच्या पोरीच्या रोबोबद्दल असं कुणी बोललं तर माणसाने काय करावं? मी रोबोचा हात काढून तुळईला बांधला आणि त्याला साडेसात हॉर्सपॉवरची पंपाची मोटर अडकवली. हाताने ती उचलली. खरंच उचलली! टीचभर. पाववाल्यांचं तोंड उघडं पडलं. मग एक आवाज झाला, आणि पेचकस कानाला न लावताही मला कळलं तो कसला. पितळी चाकाचे पाच दाते माझ्या पायाशी पडले होते.

ता. क. तिसरा. आज बाजार पालथा घातला. मिळतात ती चाकं मोठी तरी आहेत नाहीतर त्यांच्या दातांचा कोन वेगळा आहे. तुमच्या वर्मला तुमचंच चाक लागतं. उरलेले सत्तावीस दाते आणि पडलेले पाच, सगळे कापसात गुंडाळून या पत्रासोबतच्या डबीत ठेवले आहेत, मापं त्यावरून घ्या. शुक्रवारपर्यंत चाक इथे पोचलं नाही तर रविवारी वीज गेल्यावर रोबोला धरणारं कुणी नाही, आणि भिंगरीच्या हातात पुन्हा ब्रश. अडला हरी… पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही वयाने मोठे आहात. तुम्ही म्हणाल ते सगळं मान्य. मोटर काय, कुणीही फिरवतो. हवं तर मोठ्या अक्षरात लिहून, चौकट करून पाठवतो, दुकानात लावा.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवणार एवढ्यात भिंगरी शाळेतून आली. डबी लपवायची होती, पण तिने बघितली. मग सगळं सांगून टाकलं. पाववाले, तुळई, मोटर, सगळं. मान खाली घालून उभा राहिलो. वर बघितलं तर ती वही उघडून बसलेली. म्हणाली, "किती किलोंना तुटलं?" मी म्हणालो, सत्तेचाळीस. तिने लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. म्हणाली, "कुठपर्यंत धरेल ते मला कधीचं बघायचं होतं, पण मोडायची हिंमत होत नव्हती." मग तुमच्यासाठी निरोप दिला, तो तिच्याच शब्दांत देतो: "गिअरवाल्या आजोबांना सांगा, दोन चाकं पाठवा. एक रोबोला लावायला, आणि एक मोटरवाल्या आजोबांना मोडायला."